कातडी, लाळ आणि थायरॉइड एकाच ऊतीची कशी?

चिंचपान
लेक नववीत आहे. काल रात्री ऊतींचा, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, धडा चालला होता. अभिस्तर ऊती म्हणजे आवरण, पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, खाली तंतुमय पटल, हे तिला पटलं. पट्टकी, घनाभरूप, स्तंभीय, रोमक हे प्रकारही पाठ झाले. मग 'ग्रंथिल अभिस्तर' आलं आणि तिने पुस्तक मिटून विचारलं, "आई, आवरण म्हणजे आवरण. ते पाझरतं कसं? आणि कातडी आणि थायरॉइड एकाच गटात कशाला घातलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. बारावीपर्यंत मीही जीवशास्त्र शिकले, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. "पुस्तकात आहे म्हणून" असं मला तिला सांगायचं नाही. इथे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. नववीच्या मुलीला कळेल असं कुणी सांगाल का?

काचपट्टी
तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी 31 वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा हा प्रश्न क्वचितच विचारतात.

तिला शिवणाचं उदाहरण द्या. सदऱ्याचं कापड एका जागी बोटाने आत ढकललं तर तिथे खिसा तयार होतो. कापड तेच, फक्त आत गेलं. ग्रंथी अशीच बनते. गर्भात आवरणाच्या पेशी एका ठिकाणी भराभर वाढतात आणि खालच्या ऊतीत कोंबासारख्या घुसतात. मग कोंब आतून पोकळ होतो. तळाच्या पेशी स्राव करू लागतात, मानेच्या पेशींची नळी होते. घामाची ग्रंथी ही कातडीची घडी, लाळग्रंथी ही तोंडाच्या अस्तराची. यकृत आणि स्वादुपिंड लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून फुटलेले कोंब आहेत, आणि म्हणूनच पित्त आणि स्वादुरस आजही नळीने तिथेच येऊन पडतात.

थायरॉइडचा खिसा मात्र शिवणीतून सुटला. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात ती जिभेच्या मुळाशी उगवते आणि हळूहळू गळ्यात उतरते. सातव्या आठवड्याच्या सुमाराला ती आपल्या जागी पोचते. उतरताना मागे राहिलेली नळी विरून जाते. नळीच नाही, तर स्राव बाहेर कुठून जाणार? तो थेट रक्तात जातो. निघाल्या जागेची खूण म्हणून जिभेवर अगदी मागे एक बारीकसा खड्डा जन्मभर राहतो.

कोकमआगळ
सर, गेली 20 वर्षं मी थायरॉइडची गोळी घेतेय आणि तिचं माहेर जिभेवर आहे हे आज कळलं!

बालवैद्य
काचपट्टी सरांच्या म्हणण्याला जोड देतो. ती नळी कधीकधी पुरती विरत नाही. मग मुलाच्या गळ्यावर बरोबर मध्यभागी एक गोल गाठ दिसते. आम्ही मुलाला जीभ बाहेर काढायला सांगतो. गाठ जिभेबरोबर वर सरकली की जवळजवळ खात्री पटते, कारण तो धागा अजून जिभेला बांधलेला असतो. आईवडील घाबरून आलेले असतात. त्यांना ही वाटचाल समजावून सांगितली की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. ऑपरेशनने ती गाठ काढता येते.

वाटाड्या
पण सर, सगळ्या ग्रंथी आवरणातून आल्या असं म्हणणं बरोबर नाही ना? मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा, जिथे अॅड्रेनॅलिन तयार होतं, तो चेतासंस्थेच्या कुळातला. पिनिअल तर मेंदूचाच भाग. पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी अर्धी अर्धी आहे. पुढचा भाग तोंडाच्या छतातून वर चढलेला, मागचा मेंदूतून खाली आलेला. मुलीला सरसकट नियम सांगितला तर पुढे ती अडखळेल.

काचपट्टी
वाटाड्या, तुमचं बरोबर आहे, मी अपवाद सांगायला हवे होते. नळी असलेल्या ग्रंथींना खिशाची गोष्ट पूर्ण लागू पडते. अंतःस्रावींमध्ये, म्हणजे नळी नसलेल्यांमध्ये, थायरॉइड, परावटू (पॅराथायरॉइड), स्वादुपिंडातली बेटं (इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके) आणि पीयूषिकेचा पुढचा भाग हे त्या कुळातले. ही बेटं 1869 मध्ये लँगरहान्स या विद्यार्थ्याने पहिल्यांदा टिपली. ती कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. इन्सुलिन हाती यायला 1921 उजाडावं लागलं. एकाच स्वादुपिंडात नळीचे खिसेही आहेत आणि सुटलेले खिसेही. लेकीला दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दाखवायचे असतील तर त्याची आकृती काढा.

जात्यावरची
मग जांघेत येणारं अवधाण कोणत्या ग्रंथीचं? लहानपणी पायाला काटा रुतून पिकला की जांघेत गोळा यायचा. आजी म्हणायची, अवधाण आलंय, पायाकडे बघा आधी.

बालवैद्य
आजींचं निदान अचूक. मात्र ती ग्रंथी नव्हे. बोलताना आपण 'लसीका ग्रंथी' म्हणतो, पण तिथे स्राव नाही आणि अभिस्तरही नाही. ती जंतूंना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशींची चौकी आहे, पायातला जंतू वर चढू लागला की ती सुजते. आणखी एक घोळ मी नेहमी बघतो, गालगुंड आणि गलगंड. गालगुंड हा विषाणूचा आजार, कानाखालची लाळग्रंथी सुजते. गलगंड म्हणजे थायरॉइड वाढणं, आयोडीन कमी पडलं तर होतो. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं. आज घरोघरी जे मीठ येतं त्यामागे ते काम आहे.

रानमेवा
लाळग्रंथीचा विषय निघालाच आहे तर माझ्या बहिणीचं सांगते. तिला जेवायला बसलं की जबड्याखाली उजवीकडे गोळा यायचा. आवळ्याएवढा. तासाभरात उतरायचा. लोणचं किंवा चिंचेचं सार असलं की हमखास. घरात सगळे म्हणायचे चिंच बाधते. दोन वर्षं तिने आंबट सोडलं. शेवटी एका दंतवैद्याने जिभेखाली बोट फिरवलं आणि म्हणाला, इथे खडा आहे. नळीत अडकलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. आंबट खाल्लं की ग्रंथी लाळ सोडायची, वाट बंद, म्हणून सूज. दहा मिनिटांत खडा काढला. त्या दिवशी घरी येऊन तिने पहिली चिंच खाल्ली.

सातबारा
धागाकर्तीचं नाव चिंचपान आहे, म्हणजे धागा उघडल्यापासून सगळ्यांच्या लाळग्रंथी कामाला लागल्या असणार.

काचपट्टी
रानमेवा, लाळेचे खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात. तिची लाळ दाट आणि नळी चढणीची. कानापुढची ग्रंथी मोठी असली तरी तिची लाळ पाण्यासारखी पातळ असते. तिची नळी गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जीभ फिरवून बघा, बारीक उंचवटा लागेल.

शेणगोठा
मी सांगलीकडचा, घरी सात म्हशी. काचपट्टी सर, दुधाच्या ग्रंथीचं सांगा की. आमच्याकडं धारेच्या वेळी अनोळखी माणूस गोठ्यात आला की म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली दिसते, पण दूध उतरत नाही. रेडकू सोडलं की लगेच येतं. हे खरंच ती ठरवून करते का?

काचपट्टी
ठरवून नाही, पण 'पान्हा' हा शब्द इतका नेमका आहे की शिकवताना मी तोच वापरायचो. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. दुधाची ग्रंथी म्हणजे घामाच्या ग्रंथीचंच बदललेलं रूप. तिच्या बारीक पिशव्यांभोवती एका खास प्रकारच्या पेशी असतात. त्या अभिस्तराच्याच, पण स्नायूसारख्या आकुंचन पावतात. रेडकू आचळाला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, रक्तातून कासेत पोचतं, आणि त्या पेशी पिशव्या पिळतात. तोच पान्हा. घाबरलं की अॅड्रेनॅलिन वाढतं आणि ही साखळी अडते. दूध पिशव्यांतच राहतं. बाळंतिणीचंही असंच होतं.

कोकमआगळ
हे वाचून डोळे भरले. माझ्या पहिल्या बाळंतपणात तीन दिवस दूध उतरेना आणि आल्यागेल्याने "हिला दूधच नाही" म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी आई आली, खोलीतली गर्दी बाहेर काढली, दार लावलं, पाठीवरून हात फिरवत बसली. बाळ प्यायलं. तेव्हा मला वाटलं आईच्या हाताचा गुण. आज कळलं की दार लावण्याचाही होता.

वऱ्हाडवारा
घामाबद्दल कोणी बोललं नाही. मी चंद्रपूरचा. मे महिन्यात पारा 46 च्या पुढे जातो. मुंबईहून पाहुणे येतात आणि म्हणतात, तुमच्याकडे घामच येत नाही. घाम येतो, पण अंगावर दिसायच्या आधीच सुकतो! आणि सुकतो म्हणूनच माणूस तगतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुंबईत हवाच ओली, घाम निथळून जमिनीवर पडतो, त्याचा अंग थंड करायला उपयोग नाही. आम्ही दोन आठवडे उन्हात काम केलं की घाम जास्त येतो, पण कमी खारट होतो. हे कसं?

वाटाड्या
ग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम खारटच असतो. वर येताना नळीच्या पेशी त्यातलं मीठ परत ओढून घेतात. अंगाला उन्हाची सवय झाली की संप्रेरकांच्या सांगण्यावरून त्या जास्त मीठ परत घेतात. नळी म्हणजे नुसता पाइप नाही, तिच्या पेशी काम करतात. अंगावर अशा 20 ते 40 लाख ग्रंथी असतात, सगळ्यात दाट तळहात आणि तळपायांवर. ही तोंडं चोंदली की घामोळं.

सांजवात
मी क्वचित लिहिते. पण लाळेचं वाचून राहवलं नाही.

माझ्या वडिलांना जिभेच्या कडेला कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार झाले. रोग गेला. पण किरणांच्या वाटेत लाळग्रंथी होत्या, त्या वाळल्या. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला ते खरं वाटेना. बाबांना भाकरीचा एक घास गिळायला तीन घोट पाणी लागायचं. रात्री चारदा उठून तोंड ओलं करायचे. आणि दात! वर्षभरात एकेक दात मुळाशी काळा पडून तुटायला लागला. लाळ दात धुते, आम्ल शमवते, जंतूंना आवरते, हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर आम्ही उपचारांच्या आधीच दंतवैद्याकडे गेलो असतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एवढं कराच. किरणोपचारांआधी दात तपासून घ्या, फ्लोराइडचं विचारा, उशाशी पाणी ठेवा. आणि जेवणात पातळ भात, कढी, मऊ पिठलं.

बाबा आता आहेत, 74 चे. परवा आमटीभात खाताना म्हणाले, "आज थोडं पाणी सुटलं तोंडाला."

कोकमआगळ
सांजवात, बाबांना नमस्कार सांग.

लॅबवाली
सांजवातचं वाचून जे लिहायचं होतं ते आज लिहितेच. मी विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे येणाऱ्या कर्करोगाच्या नमुन्यांतले बहुतेक अभिस्तराचे असतात. कारण कठीण नाही. हे अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं होतं. आतड्याचं तीन ते पाच दिवसांत, कातडीचं महिन्याभरात. धूर, तंबाखू, विषाणू सगळ्यांचा पहिला मार त्यालाच. इतक्या वेळा नक्कल करताना चूक होण्याची शक्यताही तिथेच जास्त.

पण हे अस्तर वरचं आहे, म्हणून बिघाड डोळ्यांना दिसतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अजिबात न सोसणं. आणि तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर दाखवा. सुपारीने अस्तराखालची ऊती चिवट होत जाते आणि जबडा आवळतो. मुंबईच्या डॉ. जोशींनी हे 1953 मध्येच लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, पण आमच्या टेबलावर पंचविशीतल्या मुलांच्या तोंडातल्या ऊतीचे तुकडे अजून तपासायला येतात.

सातबारा
नुसत्या सुपारीने? तंबाखूशिवाय? आमच्या घरी जेवणानंतर पानसुपारी चारपाच पिढ्यांची आहे. पूजेतही सुपारीच. हे जरा जास्त होतंय असं वाटतं.

लॅबवाली
पूजेतल्या सुपारीला कोण नको म्हणेल? ती चघळायची नाही, इतकंच. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 मध्ये सुपारीला तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगकारक ठरवलं आहे. दादा, तीन बोटांची तपासणी घरात आज सगळ्यांची करा, मग भांडू.

सातबारा
केली. माझी तीन गेली. धाकट्या भावाची दोन. उद्या दाखवायला नेतोय.

लॅबवाली
बरं केलंत. काय म्हणाले ते इथे कळवा.

आता बायकांसाठी एक. गर्भाशयाच्या तोंडाशी दोन अभिस्तर भेटतात. आतून येणारा उंच पेशींचा, एकपदरी. बाहेरून येणारा चपट्या पेशींचा, अनेकपदरी. त्या हद्दीवर वयात येताना एक प्रकार बदलून दुसरा होत असतो आणि एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग घडवणारा विषाणू, नेमका तिथे शिरतो. तपासणी इतकी साधी आहे की सांगितलं तर खोटं वाटतं. पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, कापसाने लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हे 2013 मध्ये जगापुढे आलं. त्याआधी 2009 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला अभ्यास आला होता. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने खेड्याखेड्यांत जाऊन तो केला. एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. सगळ्या जगाने आधार घेतलेलं हे काम आपल्या बार्शीच्या परिसरातलं आहे आणि आपल्याच बायका तपासणीला जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जात्यावरची
लाज वाटते गं. "काही होत नाही तर कशाला" हे माझंच वाक्य.

लॅबवाली
काही होत नसतानाच जायचं, ताई. पांढरा डाग त्या पायरीवर सापडला तर तेवढाच भाग गोठवून काढता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी असते. पाळी गेल्यावर ती हद्द आत सरकते, डाग नीट दिसत नाही, मग डॉक्टर दुसरी तपासणी सांगतात.

शेणगोठा
आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. गुरुवारी शेजारच्या दोघी आणि ही, तिघी जाणार आहेत.

वाटाड्या
मूळ प्रश्न बाजूला राहिला. चिंचपान, लेकीला खिसा पटला का?

चिंचपान
पटला, पण तिने मला दोन दिवस सोडलं नाही, म्हणून इकडे यायला उशीर झाला. जुन्या पायमोज्याचा अंगठा आत ढकलून तिने आधी घामाची ग्रंथी केली. मग टोकाला फांद्या हव्यात म्हणून रबरी हातमोजा घेतला आणि पाचही बोटं आत ढकलून लाळग्रंथी केली. थायरॉइडसाठी एक बोट दोऱ्याने बांधून कापून काढलं आणि वहीत चिकटवलं. खाली लिहिलंय, 'नळी हरवलेली ग्रंथी'. सदऱ्याचा खिसा तिच्या बाबांनी कापू दिला नाही.

आरशासमोर जीभ बाहेर काढून तो खड्डा शोधत होती. दिसला नाही. बालवैद्य, तो फार मागे असतो ना? आता तिचा पुढचा प्रश्न आहे की केस आणि नखं याच कापडाची आहेत का, आणि असतील तर ती मेलेली का असतात. काचपट्टी सर, तुम्ही असलात तर मी उद्या रात्री परत येते.

आणि लॅबवाली, माझी मोठी जाऊ 47 ची आहे. तिला काल आरोग्य केंद्रात घेऊन गेले. सिस्टर फार चांगल्या होत्या, जाऊबाईंचा हात धरून बोलत राहिल्या. मिनिटभराचं काम. डाग नाही. परत येताना जाऊबाईंनी विचारलं, "तुझं झालं का?" माझंही झालं नव्हतं. आम्ही अर्ध्या वाटेतून रिक्षा वळवली.